त्रिलोक गुर्तू यांचे ध्वनिमुद्रित संगीत

मुंबईत जन्मलेले तबला व तालवाद्यवादक त्रिलोक गुर्तू (३० ऑक्टोबर १९५१– ) यांनी १९८८ पासून स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केलेल्या ध्वनिमुद्रिकांची मालिका. हिंदुस्थानी तालपद्धती, जॅझमधील उत्स्फूर्त वादन आणि फंक ह्या आफ्रिकी-अमेरिकन नृत्यप्रधान संगीतप्रकारातील आवर्ती ठेका, ह्या तिन्हींचा मेळ हे तिचे प्रमुख वैशिष्ट्य होय. भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताच्या संयोगाचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ झाले. तथापि त्यांतील बहुतेक प्रयत्न रागाच्या वाटेने गेले. गुर्तूंनी हा संयोग तालाच्या वाटेने साधू पाहिला. त्यात त्यांना कितपत यश आले, हा प्रस्तुत ध्वनिमुद्रिकांच्या मूल्यमापनातील मुख्य प्रश्न आहे.

जडणघडण : गुर्तूंच्या मातुःश्री शोभा गुर्तू (१९२५–२००४) ह्या ठुमरी, दादरा, कजरी इ. प्रकारांच्या ख्यातनाम गायिका. त्यांचा जन्म बेळगावचा. माहेरचे नाव भानुमती शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकी व गायिका होत्या. मराठी रसिकांना शोभा गुर्तू यांचा आवाज मैफलींप्रमाणेच सामना (१९७५) यासारख्या चित्रपटांतूनही परिचित आहे. अशा घरात त्रिलोक गुर्तू यांना तबल्याची गोडी लहानपणीच लागली आणि आईच्या प्रोत्साहनाने शाह अब्दुल करीम यांच्याकडे त्यांचे रीतसर शिक्षण झाले. पाश्चात्त्य ड्रमसंचाकडे ते १९७० नंतरच्या दशकात वळले. ध्वनिमुद्रणात एकावर एक थर चढविण्याचे तंत्र त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. त्यामुळे तबकडीवर ऐकू येणारे सर्व आघात एकाच वादकाचे असावेत, अशा समजुतीने त्यांनी ते सारे एकट्याने वाजविण्याचा सराव केला, असे त्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. ही समजूत चुकीची होती. पण पुढे त्यांच्या वादनात जी बहुपदरी घनता आढळते, तिचे मूळ ह्या चुकीत आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

यूरोपात त्यांनी चार्ली मारियानो, जॉन चिकाय, टेरिये रिपदाल आणि डॉन चेरी ह्या जॅझवादकांना साथ केली. एम्ब्रियो ह्या जर्मन वाद्यवृंदाच्या अपो-कॅलिप्सो (१९७७) ह्या ध्वनिमुद्रिकेत त्यांच्याबरोबर शोभा गुर्तू यांचेही गायन आहे. ऑरेगन ह्या अमेरिकन वाद्यवृंदातील तालवाद्यवादक कॉलिन वॉलकॉट याचे १९८४ मध्ये अपघाती निधन झाल्यानंतर त्याच्या जागी गुर्तूंची निवड झाली. पुढे गिटारवादक जॉन मॅक्‌लॉक्लिन याच्या त्रयीत ते सहभागी झाले. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये १९८९ साली झालेल्या ह्या त्रयीच्या कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण त्यांच्या कीर्तीस विशेष कारणीभूत झाले.

मुंबईतील पूर्वपीठिका : जॅझ मुंबईस नवे नव्हते. १९३० नंतरच्या दशकात ताजमहाल हॉटेलात परदेशी जॅझवृंद वाजवू लागले आणि त्यांच्या सहवासात गोव्याहून आलेल्या वादकांची एक पिढी तयार झाली. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस प्रभृती वादकांमुळे हिंदी चित्रपटसंगीतात पाश्चात्त्य वाद्यमेळाचे तंत्र रुजले. ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर भारतीय रागांचा प्रयोग केला. मुंबईतच जन्मलेल्या गायिका आशा पुथली यांनी ऑर्नेट कोलमन याच्या सायन्स फिक्शन (१९७२) ह्या ध्वनिमुद्रिकेत गायन केले आणि पुढे द डेव्हिल इज लूज (१९७६) ह्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिकेद्वारा नृत्यप्रधान संगीतात नाव मिळविले. १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. मात्र ह्या सर्व परंपरेत तबला बव्हंशी रंगापुरता येई. ठेक्याचा आधार ड्रमसंचच देई. हा क्रम उलटविणे हे गुर्तूंचे कार्य होय.

फंक आणि ॲसिड जॅझ : जेम्स ब्राउन (१९३३–२००६) ह्या अमेरिकन गायकाने १९६५ च्या सुमारास आपल्या वाद्यवृंदाची रचना बदलली. गिटार, तुताऱ्या, बास व ड्रम अशा सर्वच वाद्यांना त्याने तालवाद्यांप्रमाणे वापरले. प्रत्येक वाद्याकडे एक छोटा, तुटक बोल असतो. हे बोल एकमेकांच्या फटींत बसतात आणि सर्व मिळून चार मात्रांच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर एकत्र येतात. स्वरसंगतीत फारसा बदल होत नाही. ऐकणाऱ्याला गुंतवून ठेवतो तो न थांबणारा ठेका. इंग्रजीत ह्या गुणास ‘ग्रूव्ह’ म्हणतात. खाच किंवा चाकोरी हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. चाकोरीत बसलेले चाक जसे आपोआप पुढे जाते, तशी लयीची ती पकड असते.

१९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील नृत्यगृहांत जुन्या फंक व जॅझ तबकड्यांना पुन्हा मागणी आली. त्यातून ‘ॲसिड जॅझ’ हे नाव रूढ झाले. जाइल्स पीटरसन व एडी पिलर यांनी १९८७ मध्ये ह्याच नावाची ध्वनिमुद्रिका-संस्था स्थापन केली. ब्रँड न्यू हेवीज, इन्कॉग्निटो, जॅमिरोक्वाय इ. वाद्यवृंद ह्या प्रवाहात गणले जातात. गुर्तूंचे संगीत ह्या प्रवाहात काटेकोरपणे बसत नाही. परंतु त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा काळ तोच आणि प्रेरणेचा एक स्रोतही तोच, म्हणजे फंक. फरक असा, की ॲसिड जॅझ जुन्या ठेक्याचे पुनरुज्जीवन करीत होते, तर गुर्तू त्याच ठेक्यास दुसऱ्या एका प्राचीन तालशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहत होते.

ठेका आणि ग्रूव्ह : ह्या दोन कल्पनांत वरवर पाहता विलक्षण साम्य आढळते. त्रितालाच्या सोळा मात्रा आणि फंकच्या एका आवर्तनातील सोळा सूक्ष्म विभाग ही संख्या सारखी. फंकमध्ये पहिल्या मात्रेस जे महत्त्व, तेच आपल्याकडे समेस. परंतु हे साम्य फसवे आहे. मध्यम द्रुत गतीतील फंकचे आवर्तन सुमारे दोन सेकंदांत पुरे होते. विलंबित त्रितालाचे आवर्तन त्याच्या कितीतरी पट लांबते. त्रितालात नवव्या मात्रेवर खाली येते. तेथे भरीव नाद मागे सरतो आणि ऐकणाऱ्यास समेची दिशा कळते. फंकमध्ये खाली नाही. तेथे सम वारंवार येते, म्हणून तिची वाट पाहावी लागत नाही. हिंदुस्थानी तालाचा आनंद अपेक्षेचा आहे, तर फंकचा आनंद प्राप्तीचा आहे. ह्या दोहोंना एकत्र आणताना एकाचा बळी जाण्याचा संभव असतो. आवर्तन आखूड केले, तर ताल अलंकारापुरता उरतो. ते लांबविले, तर पाय थिरकेनासे होतात.

गुर्तूंना ह्या पेचातून मार्ग सापडला, तो ठुमरीच्या अंगाने, असे त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना जाणवते. बोलबनावाच्या ठुमरीत गायन दीपचंदी अथवा जत ह्यांसारख्या संथ तालात चालते. अखेरीस तबलावादक केरव्याच्या आठ मात्रांत शिरून द्रुत लग्गी धरतो. गायिका मुखडा फिरून फिरून म्हणते, तबला त्याखाली नाचत राहतो आणि शेवटी तिहाई घेऊन मूळ ठेक्याच्या समेवर परततो. लग्गी हा हिंदुस्थानी मैफलीतला अस्सल ‘ग्रूव्ह’ होय. आखूड आवर्तन, सतत पुनरावृत्ती आणि अंगात भिनणारी चाल हे तिघे तेथे एकत्र येतात; मात्र मोठ्या तालाचे भान सुटत नाही, कारण लग्गी संपल्यावर परत कोठे जावयाचे हे सर्वांना ठाऊक असते. लोकसंगीतातही हा अनुभव आहे. महाड–पोलादपूर भागातील जाखडी नृत्यात मृदंगाच्या एकाच चालीवर फेर धरला जातो आणि लय वाढत जाऊन झटक्यात थांबते. पुनरावृत्ती म्हणजे दारिद्र्य नव्हे, हे तेथील प्रेक्षकास कोणी शिकवावे लागत नाही. मैफलीतील रसिकांना मात्र त्याचा कधी कधी विसर पडतो.

वाद्यसंच : गुर्तू उंच बैठकीचा उपयोग न करता जमिनीवर अर्धवट गुडघे टेकून वाजवितात. त्यांच्या संचात तबल्याची जोडी, पाश्चात्त्य ड्रम, झांजा आणि नेहमीपेक्षा वेगळ्या आकाराचा पायाने वाजवावयाचा ड्रम असतो. झांजा आणि शिंपल्यांच्या माळा पाण्याच्या बादलीत बुडवून ते स्वरांना कंप व उतरण देतात. ही रचना चमत्कृतीसाठी नाही. जमिनीलगत बसल्याने बोटांनी वाजणारा तबला आणि काठीने वाजणारा ड्रम एकाच हाताच्या टप्प्यात येतात. त्यामुळे एकच बोल अर्धा चामड्यावर आणि अर्धा धातूवर वाजविता येतो. तोंडाने बोल म्हणण्याची भारतीय पढंतही ते वादनात मिसळतात. मॅक्‌लॉक्लिनच्या त्रयीत ह्या मौखिक तालवादनाला संवादाचे रूप आले होते.

पहिला टप्पा (१९८८–९३) : सीएमपी ह्या जर्मन संस्थेने प्रसिद्ध केलेली उस्फ्रेत (१९८८) ही पहिली ध्वनिमुद्रिका. तीत शोभा गुर्तू, व्हायोलिनवादक एल्. शंकर, डॉन चेरी, राल्फ टाउनर, पियानोवादक दानिएल गॉयोन आणि बासवादक योनास हेलबोर्ग यांचा सहभाग आहे. ‘शोभारॉक’ ह्या रचनेचे नावच तिचे स्वरूप सांगते. विद्युत-बास आणि ड्रम यांच्या दणकट चौकटीवर आईचा गळा येतो. तो पाहुण्यासारखा न येता यजमानासारखा येतो. वाद्ये त्याच्या फिरतीस वाट करून देतात. भारतीय आवाजाचा एखादा तुकडा परदेशी ठेक्यावर चिकटविण्याची जी रीत पुढे सर्रास झाली, तिच्याशी तुलना केल्यास उस्फ्रेतचे वेगळेपण ध्यानात येते. तेथे गळा आणि ठेका एकाच घरात वाढलेले आहेत. लंडनमध्ये १९९० नंतरच्या दशकात तल्विन सिंग प्रभृती आशियाई वंशाच्या कलावंतांनी जो नवा प्रवाह निर्माण केला, त्याची पूर्वसूचना ह्या ध्वनिमुद्रिकेत मिळते.

लिव्हिंग मॅजिक (१९९१) मध्ये नॉर्वेजियन सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक आणि ब्राझिलियन तालवाद्यवादक नाना व्हास्कॉन्सेलोस यांची साथ आहे. येथे ठेक्यापेक्षा अवकाशाला प्राधान्य मिळाले. क्रेझी सेंट्स (१९९३) ही ह्या टप्प्यातील सर्वांत प्रौढ कृती. जो झाविनुल, पॅट मेथेनी, क्लॅरिनेटवादक लुई स्क्लाविस, चेलोवादक अर्न्स्ट रेसेगर अशा थोर वादकांबरोबर शोभा गुर्तू पुन्हा गातात. झाविनुल (१९३२–२००७) याने वेदर रिपोर्ट ह्या वाद्यवृंदाद्वारा जॅझ व फंक यांचा मेळ आधीच घातला होता. त्यामुळे गुर्तूंच्या गुंतागुंतीच्या मात्रागणितास येथे तोलामोलाचा जोडीदार लाभला. नामांकितांची गर्दी असूनही ध्वनिमुद्रिकेचा एकजीवपणा ढळत नाही.

दुसरा टप्पा (१९९०–२००० ह्या दशकाचा उत्तरार्ध) : पाहुण्या कलावंतांऐवजी स्थिर वाद्यवृंद हे बिलीव्ह ह्या ध्वनिमुद्रिकेचे वैशिष्ट्य. फ्रेंच कळफलकवादक आँडी एम्लेर, न्यूयॉर्कचा गिटारवादक डेव्हिड गिल्मोर (पिंक फ्लॉइड वृंदातील समान उच्चाराच्या नावाचा गिटारवादक वेगळा) आणि डॅनिश बासवादक क्रिस मिन् डोकी हे तिचे सहवादक. गिल्मोर हा स्टीव्ह कोलमन याच्या वाद्यवृंदात विषम मात्रांच्या फंकमध्ये तयार झालेला होता. त्यामुळे सात, नऊ वा अकरा मात्रांची आवर्तने गणित न वाटता चाल वाटावीत, हे उद्दिष्ट येथे सर्वाधिक प्रमाणात साध्य झाले. बास ठेका धरतो, गिटार त्याच्या फटीत बोलते आणि तबला-ड्रम मोकळे होऊन कायद्याप्रमाणे बोलांचा विस्तार करतात. हिंदुस्थानी मैफलीत तबला एकट्याने वाजतो, तेव्हा सारंगी वा संवादिनी लेहरा धरून आवर्तन दाखवीत राहते. गुर्तूंच्या वाद्यवृंदात बासकडे हीच जबाबदारी आली. फंकमधील बासची ओळ म्हणजे लेहराच, हा शोध ह्या टप्प्याची मोठी मिळकत आहे. बॅड हॅबिट्स डाय हार्ड आणि द ग्लिम्प्स ह्या पुढील ध्वनिमुद्रिकांत हीच दिशा राहिली. तथापि वेगाचा आणि कौशल्यप्रदर्शनाचा सोस काही ठिकाणी वाढलेला दिसतो. तिहाईमागून तिहाई येऊ लागली, की समेची किंमत घटते.

तिसरा टप्पा (२००० च्या सुमारास) : आफ्रिकन फँटसी ह्या ध्वनिमुद्रिकेत बेनिनची आंजेलिक किजो व मालीची ऊमू सांगारे, तर द बीट ऑफ लव्ह (२००१) मध्ये मालीचा सालिफ केता, सेनेगलचा वासिस जोप यांसारखे गायक आहेत. फंकचे मूळ अखेर आफ्रिकी तालपरंपरेत असल्याने हा प्रवास तर्कशुद्ध होता. पश्चिम आफ्रिकेत भिन्न मात्रासंख्येचे ठेके एकाच वेळी चालतात आणि नर्तक त्यांतील कोणताही एक पायांत धरतो. भारतीय लयकारीत मात्र दुसरी लय मूळ लयीवर आरोपिली जाते आणि तिला मूळ लयीकडे परतावे लागते. ह्या दोन दृष्टींची गाठ घालणे हे मोठे आव्हान होते. प्रत्यक्षात ह्या ध्वनिमुद्रिका आटोपशीर गीतरूपाकडे झुकल्या. त्या लोकप्रियतेस अनुकूल ठरल्या. पण गीताच्या चार-पाच मिनिटांत तालाला श्वास घेण्यास जागा उरली नाही. त्यानंतरच्या रिमेंब्रन्स (२००२) मध्ये गुर्तू पुन्हा भारतीय कलावंतांकडे वळले.

चौथा टप्पा (२००४ नंतर) : ब्रोकन ऱ्हिदम्स (२००४) मध्ये आर्के हे इटालियन तंतुवाद्य-चतुष्टय, तुवा येथील हून-हूर-तू हा कंठगायकांचा संघ आणि आयरिश ब्लूज-गिटारवादक गॅरी मूर हे एकत्र येतात. अशा दूरदूरच्या परंपरांचे संमेलन कुतूहल जागविते, परंतु केंद्र हरवते. त्यामानाने केवळ आर्के चतुष्टयाबरोबरची आर्किऑलॉजी (२००६) अधिक सुघटित आहे. २१ स्पाइसेस (२०११) मध्ये ड्रमवादक सायमन फिलिप्स आणि हँबर्गचा एन्‌डीआर बिग बँड यांची जोड आहे. मोठ्या वाद्यवृंदाच्या तुताऱ्यांचे तोडे तबल्याच्या बोलांशी जुळविल्याने फंकची मूळ कल्पना, म्हणजे प्रत्येक वाद्याने तालवाद्य व्हावे ही, येथे भव्य प्रमाणावर प्रकटते. स्पेलबाउंड (२०१३) ही डॉन चेरी (१९३६–९५) याच्या स्मृतीस वाहिलेली ध्वनिमुद्रिका असून, तीत पाओलो फ्रेझू, नील्स पेटर मोल्वेर, इब्राहिम मालूफ आदी ट्रंपेटवादकांचा सहभाग आहे. गॉड इज अ ड्रमर ही ध्वनिमुद्रिका २०१९ मध्ये आली.

आक्षेप व मूल्यमापन : गुर्तूंच्या संगीतावर दोन विरुद्ध दिशांनी आक्षेप घेता येतात. पहिला हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकांचा : येथे तबल्याच्या बोलांचे स्पष्ट उच्चार ध्वनिवर्धक व ड्रम यांच्या गदारोळात बुडतात, घराण्याच्या बंदिशींचा क्रमवार विस्तार होत नाही आणि पेशकारातील सावकाश उलगड्यास वावच नसतो. हा आक्षेप बहुतांशी खरा आहे. ह्या ध्वनिमुद्रिका स्वतंत्र तबलावादनाची जागा घेऊ शकत नाहीत आणि तसा त्यांचा दावाही नाही. दुसरा आक्षेप फंकच्या चाहत्यांचा : मात्रांची गणिते इतकी अवघड होतात, की संगीत अंगाऐवजी डोक्याने ऐकावे लागते. दुसऱ्या टप्प्यातील काही भागांना हे लागू पडते. जेम्स ब्राउनच्या वृंदातील ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड याने १९६९ मध्ये वाजविलेला एक छोटासा एकाकी तुकडा पुढे असंख्य ध्वनिमुद्रणांत उसना घेण्यात आला. त्यात गणित जवळजवळ नाही. आहे तो केवळ वजनाचा तोल. जेथे गुर्तू ह्या तोलावर विश्वास ठेवतात, तेथे ते श्रेष्ठ ठरतात आणि जेथे सर्व ज्ञात एकाच वेळी सांगू पाहतात, तेथे पकड ढिली होते.

ह्या दोन्ही आक्षेपांनंतरही एक महत्त्वाची गोष्ट शिल्लक राहते. रागाच्या मार्गाने झालेल्या संयोगात भारतीय संगीताकडे बहुधा शांत, ध्यानमग्न व अलौकिक अशी भूमिका दिली गेली. हे चित्र परदेशात रुजले आणि काही प्रमाणात आपणही ते स्वीकारले. त्यात लग्गी वाजविणारा तबलजी, फेर धरणारे नर्तक आणि ठुमरीच्या मुखड्यावर डोलणारी बैठक यांना स्थान नव्हते. गुर्तूंच्या ध्वनिमुद्रिकांनी हे शारीर, लौकिक आणि उत्सवी अंग पुन्हा पुढे आणले, तेही त्याची शास्त्रीय बैठक न सोडता. अमेरिकेतील डाउन बीट ह्या मासिकाच्या समीक्षकांनी त्यांना अनेकदा सर्वोत्कृष्ट तालवाद्यवादक म्हणून निवडले. ह्या गौरवापेक्षाही त्यांचे अधिक मोल आहे ते, भारतीय ताल इतरांच्या ठेक्यास केवळ सजविणारा नसून स्वतः पाया घालू शकतो, ह्या सिद्धतेत.

त्यांच्या पुढच्या पिढीतील कर्ष काळे यांच्यासारखे, मराठी कुटुंबात परदेशी वाढलेले तबलावादक इलेक्ट्रॉनिक ठेक्यांशी सहजतेने व्यवहार करू लागले. झाकिर हुसेन, गुर्तू, काळे, तल्विन सिंग आणि बिल लॅझवेल यांचा समावेश असलेली तबला बीट सायन्स ह्या गटाची ताल मॅट्रिक्स (२०००) ही ध्वनिमुद्रिका ह्या स्थित्यंतराची साक्ष देते. नवागत श्रोत्याने आरंभी उस्फ्रेत व क्रेझी सेंट्स आणि नंतर बिलीव्ह ऐकावी. पहिल्या दोहोंत आईच्या गळ्यातून आलेला ताल आढळेल, तिसरीत तोच ताल गळ्यावाचूनही गाताना आढळेल.